वळायचं नाही

सोमवार, ४ मार्च

बोलून दमायला होतं, म्हणून लिहायला बसले आहे. माणसाशी बोलायचं म्हणजे त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, अर्धं ऐकायचं, अर्धं ताडायचं, आणि इतकं करून शेवटी "काय?" म्हणायचंच. कागदाला "काय?" म्हणावं लागत नाही.

मागच्या वर्षीच्या तापात डावा कान पुरता गेला, उजवा अर्धामुर्धा राहिला. मागोमाग दातांच्या दवाखान्यातली नोकरी गेली. तिथे फोन घ्यायचं काम होतं. मंगळवारची वेळ मागणाऱ्याला मी शनिवारची द्यायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी फार गोड शब्दांत मला घरी बसवलं.

आज लॉन्ड्रीत लागले. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे येतात. सुपरवायझर साहेबांना मी कानाचं आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "अहो बाई, इथे कानाचं काय काम? इथे हाताचं काम." इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

मला रोलरवर घातलं आहे. रोलर म्हणजे तापलेलं एक मोठं धूड. एका बाजूने ओलसर चादर आत सोडतात, ती गरम रुळांत दाबली जाऊन दुसऱ्या बाजूने कडक होऊन निघते. निघालेली चादर धरायची, वळून मागच्या टेबलावर घडी घालायची, पुन्हा वळायचं. हे माझं काम. माझ्या जोडीला एक मुलगी आहे, तिला सगळे लुकडीच म्हणतात. चादर आत सोडते ती अक्का. आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची. तिचा आवाज मला नीट ऐकू येतो. हे एक बरं झालं.

गुरुवार, ७ मार्च

अक्का म्हणजे हॉलचा जीव. ती नसेल तर तिथे नुसती वाफ आणि घाम. ती सगळ्यांच्या नकला करते. साहेब शर्ट खोचत खोचत कसे चालतात, कपड्यांच्या गाड्या ढकलणारा गाडीवाला शिंक येण्याआधी कसा थांबतो. मीही पोट धरून हसले. गाडीवाला स्वतः सगळ्यांत जास्त हसत होता.

रुळांचा चटका बसला मनगटाला. अक्काने काम सोडून ओलं फडकं बांधलं. "नवीन हात आहे, भाजायचाच," म्हणाली. घरी सासूबाईंना सांगितलं. त्या माझ्या उजव्या कानाशी ओरडल्या, "चांगली माणसं मिळाली हो तुला!"

मंगळवार, १२ मार्च

आज माझी नक्कल झाली.

जेवणाच्या सुट्टीत अक्का उभी राहिली. मान उजवीकडे कलती केली, तोंड जरा उघडं ठेवलं, भुवया वर, आणि म्हणाली, "काय?" एवढंच. हॉल फुटायचा बाकी राहिला. मीही हसले. न हसून कसं चालेल? सगळ्यांची होते, तशी माझी झाली. म्हणजे मी त्यांच्यातली झाले.

घरी आल्यावर आरशापुढे मान कलती करून बघितलं. अगदी तशीच दिसते मी. मला माहीतच नव्हतं.

शनिवार, १६ मार्च

नाव पडलं. कायबाई. "अगं कायबाई, चहा घे." "कायबाई आल्या का?" गाडीवाला तर लांबून ओरडतो, "काय, बाई?" आणि मी "काय?" म्हटलं की लॉटरी लागल्यासारखा खूश होतो.

यांना सांगितलं. हे दिवसभर मालाची गाडी चालवून आलेले. म्हणाले, "आमच्यात एकाचं नाव बारा वर्षं टमरेल आहे. कायबाई परवडलं."

शुक्रवार, २२ मार्च

लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर डोक्यातून जाणार नाही.

सुट्टीत सगळ्या गोल करून बसल्या होत्या. लुकडी माझ्याकडे वळून काहीतरी बोलायला लागली. ओठ हलत होते, ऐकू काही येईना. मी जवळ सरकले. मग अक्का बोलायला लागली, तिचेही नुसते ओठ. अक्काचा आवाज! जो मला भिंतीपलीकडून ऐकू येतो! मग गाडीवाला. मग सगळ्याच. सगळ्यांची तोंडं हलत होती आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. उरलेला कान गेला. मी कानावर हात मारला, बोट घालून हलवलं, आणि म्हणाले, "थांबा, थांबा, मला काही ऐकू येत नाही." माझा आवाज मला ऐकू आला.

तेव्हा कळलं. तोपर्यंत त्या एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अगं, काय तोंड झालं होतं तुझं," म्हणाली आणि पदराने डोळे पुसून मला आपल्या डब्यातलं वाढलं. मी खाल्लं. का खाल्लं?

सोमवार, १ एप्रिल

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मस्करी हो. तुमच्यावर जीव आहे म्हणून करतात. जिच्यावर जीव नाही तिच्याशी कोणी बोलतही नाही." मी म्हटलं, "काम चालू असताना खोट्या हाका मारतात. चादर अडकली म्हणतात, मी धावत जाते, तर काही नसतं." ते म्हणाले, "तुम्ही धावता म्हणून. लक्ष देऊ नका. आठ दिवसांत कंटाळतील."

मी दाराबाहेर पडले आणि काचेतून बघितलं तर ते मान कलती करून टेबलाशी बसलेल्या हिशेबनिसाला काहीतरी दाखवत होते.

गुरुवार, ४ एप्रिल

आज फार वाईट झालं. माझ्या बाजूला रोलर बंद करायचं लाल बटण आहे. सोडायच्या बाजूला बटण नाही, रुळांच्या तोंडाशी आडवा लाल दांडा आहे. हात जास्त आत गेला की दांड्याला धक्का बसतो आणि मशीन आपोआप थांबतं. म्हणजे थांबायला हवं. तो दांडा उगाचच्या उगाच थांबवतो, काम खोळंबतं, म्हणून साहेबांनी तो चादरीच्या चिंधीने वर बांधून टाकलाय.

मी घडी घालत होते. पाठीमागून अक्का किंचाळली, "बटण! बटण दाब!" मी झेप घेऊन बटण दाबलं. रोलर थांबला. आतल्या चादरी तशाच तापत राहिल्या, वास सुटला. मी धावत पलीकडे गेले, तर अक्का कमरेवर हात ठेवून उभी. "मी कुठे काय म्हटलं? मी तर गाणं म्हणत होते." लुकडी तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसत होती.

साहेब आले. चादरी पिवळ्या पडल्या होत्या. मला सगळ्यांसमोर म्हणाले, "पुन्हा कारण नसताना बटणाला हात लावलात तर घरी बसवीन." मी अक्काकडे बघितलं. वाटलं, आता तरी बोलेल. ती चादरीची कड सरळ करत होती.

शुक्रवार, ५ एप्रिल

फाटलेलं शिवायला एक वयस्क बाई कोपऱ्यात मशीनवर बसते. शिलाईवाली. कधी कोणाच्या अध्यातमध्यात नाही. आज तिने मला खूण करून बोलावलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "तू यायच्या आधी माझी पाळी होती. माझ्या चालण्याची. दगड झाले मी दगड. मग त्यांचा रस गेला."

"आणि मग?"

"मग काय, तू आलीस." हे तिने इतक्या मायेने सांगितलं की मला बरंच वाटलं.

हे पण रात्री तेच म्हणाले. "तू वळतेस ना, ती त्यांची मजा. वळायचंच नाही." सासूबाईंनी री ओढली, "भुंकणाऱ्याकडे बघू नये, जास्त चेकाळतं."

सगळे एकच सांगतात. म्हणजे तेच खरं असणार.

बुधवार, १० एप्रिल

वाटतं तितकं सोपं नाही. हाक आली की मान आपोआप फिरते. पहिल्या दिवशी दर हाकेला फिरली. दुसऱ्या दिवशी मी दात आवळून धरले. हाक आली की चादरीच्या कडेकडे बघायचं, कडेला कड जुळवायची, दुमड घालायची, हाताने सपाट करायची. घडी पुरी होईपर्यंत दुसरं काही नाही.

आज दिवसभर एकदाही वळले नाही! "कायबाई, साहेब बोलावतायत." घडी. "कायबाई, तुझी चप्पल पेटली." घडी. माझ्या पाठीमागे गाडीवाल्याने दोन ताटं आपटली म्हणे, लुकडीनेच सांगितलं, मी ढिम्म. अक्काचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

खूप दिवसांनी भूक लागली. पोटभर जेवले.

रविवार, १४ एप्रिल

सुट्टी. मी भांडी घासत होते, यांनी मागून हाक मारली. मी वळले नाही. मुद्दाम नाही, झालंच तसं. यांनी येऊन खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. "उतू गेलं दूध. ओरडतोय मी इकडे. पुरतीच बहिरी झालीस का?" म्हणाले. ओट्याखालीपर्यंत दूध. मला मनातल्या मनात हसूच आलं. जमायला लागलं म्हणायचं.

गुरुवार, १८ एप्रिल

अक्काचा हात रोलरमध्ये गेला.

शुक्रवार, १९ एप्रिल

काल एवढंच लिहून झालं. आज नीट लिहिते.

दुपारचा चहा नुकताच झाला होता. लुकडी संडासला गेली होती. बाहेर मी एकटी, आत सोडायला अक्का एकटी. चादरीला सुरकुती पडली असणार आणि ती सरळ करायला तिने हात पुढे घातला असणार. दांडा बांधलेला. मी पाठमोरी होते, घडी घालत होते. हाक आली, "बटण! ए, बटण दाब!" मला वाटलं झालं यांचं सुरू. मी वळले नाही. पुन्हा हाक आली. मी चादरीची घडी घालून ठेवली. मग वळले आणि बघितलं तर चादर यायची थांबली होती, आणि रुळाखालून जी कड बाहेर आली होती ती लाल होती. मी बटण दाबलं.

रूळ उचलायला मिस्त्री यावा लागला. तोवर ती तिथेच, उभीच. तिची शुद्ध गेली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, तिच्या तोंडातून काही येत नव्हतं. नुसते ओठ हलत होते.

उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा वाचला म्हणतात.

मला वाटलं होतं की खेळ आहे. कोणालाही वाटलं असतं.

शनिवार, २० एप्रिल

हॉलमध्ये कोणी माझ्याशी बोलत नाही. कायबाई नाही, काही नाही. मी डबा उघडला तशा सगळ्या उठून दुसऱ्या भिंतीशी गेल्या. गाडीवाल्याने गाडी माझ्या पायावरून नेली आणि मागे वळूनही बघितलं नाही. संध्याकाळी लुकडीने दारात मला अडवलं. अगदी समोर येऊन, ओठ दिसतील असं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तू. ऐकलंस. सूड. घेतलास."

मी म्हटलं, "तुम्ही रोजच ओरडत होता."

ती म्हणाली, "आम्ही? कधी?" आणि मागे वळून बाकीच्यांना विचारलं, "आपण हिला कधी हाका मारल्या का गं?" सगळ्या चपला घालायला लागल्या. मी शिलाईवालीकडे बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती. बराच वेळ ओवत होती.

सोमवार, २२ एप्रिल

साहेबांनी बोलावलं. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. रोलरवरचा दांडा सुटला आहे, चिंधी कुठे दिसत नाही. म्हणाले, बाहेरून चौकशीला अधिकारी येणार आहेत. "तुम्ही घाबरू नका. सरळ सांगा, मला ऐकू आलं नाही. तुमच्या कानाचे कागद आहेतच. ऐकू न येणाऱ्या माणसाला कोण दोष देणार?"

मी म्हटलं, "आणि दांडा?"

"दांड्याचं काय? दांडा तर व्यवस्थित आहे. तुम्ही बघितलात ना आज?"

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "मग अडचण काय आहे? सुटतेस की तू. नाहीच ऐकू आलं तुला."

यांनी मला विचारलंच नाही, ऐकू आलं होतं का म्हणून. एकदाही नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

हॉस्पिटलात गेले. एकटीच. सबंध रस्ताभर वाटत होतं, परत फिरावं.

अक्का एवढीशी दिसत होती. हाताला पांढरं मोठं गाठोडं बांधलेलं, उशीवर ठेवलेलं. तिच्या अंगाखालची चादर आमच्याकडची, कोपऱ्यावर शिक्का. कडक, आमच्या रोलरमधून निघालेली. आम्ही दोघी थोडा वेळ त्या चादरीकडेच बघत होतो.

ती हळू बोलत होती. मला ऐकू येईना. मी उजवा कान तिच्याकडे केला, मान कलती झाली, आणि तसं झाल्याबरोबर मला लाज वाटली. तिने डोळे मिटले.

"चौकशीत काय सांगणार आहेस?" तिने विचारलं.

"साहेब म्हणतात ऐकू आलं नाही म्हण."

"तसंच म्हण." मग थोड्या वेळाने, "माझ्या घरची येणार आहेत तिथे. माझी लेक येणार आहे. तिला वाटतं आई म्हणजे..." तिने गाठोड्याकडे बघितलं. "हाकाबिकांचं काढू नकोस. तुझंही झाकेल, माझंही झाकेल."

मी म्हटलं, "साहेबांचंही झाकेल."

"मरू दे तो," ती म्हणाली. "झाकू दे त्याचंही."

उठताना तिने डाव्या हाताने माझा पदर धरला. "ऐकलं होतंस ना?"

नर्स आली. मी निघाले. मी तिला उत्तर दिलं नाही.

सोमवार, २९ एप्रिल

उद्या चौकशी. झोप नाही, भूक नाही. सासूबाईंनी दोनदा विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "काही नाहीला तोंड एवढं काळं होत नाही."

ऐकू आलं नाही म्हटलं तर सगळं मिटतं. साहेब सुटतात, अक्काची लाज राहते, लुकडीलाही मग सूड म्हणता येणार नाही. खोटं ते एवढंसं. उरतो एकटा माझा कान. तसाही तो निकामीच. त्याच्या डोक्यावर आणखी एक खापर फुटलं तर काय बिघडलं?

मग मला राग का येतो आहे? त्या नुसत्या ओठ हलवत होत्या तेव्हाही आला नव्हता इतका.

मंगळवार, ३० एप्रिल

अधिकारी एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या. सुरुवातीला कागदात बघून बोलत होत्या, मला कळेना. मी दोनदा "काय?" म्हटलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून सगळं पुन्हा विचारलं. शेवटपर्यंत तसंच बोलल्या. साहेब खिडकीशी उभे होते. अक्काचा नवरा आणि लेक बाकावर.

बाईंनी विचारलं, "त्या ओरडल्या ते तुम्हाला ऐकू आलं नाही, बरोबर?" लिहायला पेन टेकवलंच होतं.

मी म्हटलं, "ऐकू आलं."

साहेब म्हणाले, "बाई गोंधळल्यात. त्यांना—"

मी म्हटलं, "मी गोंधळले नाही. अक्काचा आवाज मला भिंतीपलीकडूनही ऐकू येतो. ऐकलं आणि वळले नाही. कारण तीच हाक मला खोटी मारली होती आणि मी बटण दाबलं म्हणून या साहेबांनी मला सगळ्यांसमोर घरी बसवायची धमकी दिली होती. रोज हाका मारायच्या. हॉलमधलं प्रत्येक माणूस मारायचं. मी यांच्याकडे तक्रार केली होती. हे म्हणाले लक्ष देऊ नका. मी लक्ष दिलं नाही." मग दांड्याचं सांगितलं. चिंधीने बांधला होता, कुठल्या कापडाच्या चिंधीने, कशी गाठ होती, सगळं.

बोलताना माझा आवाज चढला होता का काय कळत नाही. मला माझा आवाज कळत नाही हल्ली. अक्काची लेक माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे करून, जसं काही मी फोटोतून बाहेर आले.

बाहेर आल्यावर शिलाईवाली भेटली. हात दाबून म्हणाली, "बरोबर केलंस. पण मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझं लक्ष कामात असतं. तू समजून घेशील."

मी समजून घेतलं नाही. तिचा हात झटकला.

सोमवार, ६ मे

दांडा खरोखरच दुरुस्त झाला. मिस्त्री दोन दिवस खपत होता. साहेबांना दुसऱ्या शाखेत हलवलं, तिथेही साहेब म्हणूनच. आणि मला आज कळवलं की माझ्या सुरक्षिततेचा विचार करता मला कामावरून कमी करण्यात येत आहे. माझ्या सुरक्षिततेचा!

सामान घ्यायला गेले तर रोलरवर, आत सोडायच्या जागी लुकडी उभी होती. चादरीची कड दोन बोटांच्या चिमटीत धरून लांबूनच ढकलत होती. तिने मला बघितलं. कोणीतरी मागे हसलं, काय झालं देव जाणे, कदाचित माझ्यावर नसेलही. लुकडी हसली नाही.

हे रागावले आहेत. "कोणी सांगितलं होतं हरिश्चंद्र व्हायला? एक वाक्य बोलायचं होतं." सासूबाई मध्ये पडल्या. "तिला बोलू नकोस तू. तूच म्हणाला होतास वळू नकोस. मीही म्हणाले होते."

शनिवार, ११ मे

एक गोष्ट आहे जी मी बाईंना सांगितली नाही. लिहायला गेले की हात थांबतो. इथे मागे एका ठिकाणी मी ती लिहून गेले आहे, आज वाचताना दिसली. तेव्हा मला दिसली नव्हती.

रविवार, १९ मे

अक्काकडे जाऊन आले. सासूबाई म्हणाल्या, "जा, मनात ठेवलंस तर सडेल." पत्ता गाडीवाल्याकडून घेतला. त्याने न बघता सांगितला.

दार तिच्या लेकीने उघडलं. चौकशीला आली होती तीच. मला बघून ती आत सरकली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही खऱ्या आहात असं मला कधी वाटलंच नव्हतं." मला नीट कळलं नाही असं वाटून तिने पुन्हा सांगितलं. "आई रोज घरी येऊन तुमची नक्कल करायची. मान वाकडी करून. आम्ही जेवताना हसायचो. मीच म्हणायचे, आई, आज कायबाईचं काय झालं, सांग ना." तिने दाराची कडी घट्ट धरली. "मला वाटायचं, आईने बनवलेली कोणीतरी आहे."

आतून आवाज आला, "येऊ दे तिला." पूर्वीचा मोठा आवाज. मला इथपर्यंत स्पष्ट ऐकू आला.

अक्का पलंगावर बसली होती. हाताचं गाठोडं आता लहान झालंय. केस मोकळे, पाठीवर गुंता झालेला. मला बघून म्हणाली, "झालं समाधान? वीस दिवस झाले, लेक बोलत नाही माझ्याशी. जेवायला वाढते, अंघोळीचं पाणी काढते, तोंडातून शब्द नाही. केसांना हात लावत नाही. नवऱ्याला जमत नाही. एका हाताने वेणी घालता येते का? तू घालून बघ." ती पुढे म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला. झाकेल म्हटलं होतं. तुला बोलायचंच होतं."

"हो," मी म्हटलं. "बोलायचं होतं."

"माझा हात गेला, तो कमी पडला होता का?"

मला वाटलं आता निघावं. पण ती म्हणाली, "उभी काय राहिलीस खांबासारखी? फणी आहे तिथे. घाल वेणी."

मी तिच्यामागे पलंगावर बसले. गुंता सोडवायला फार वेळ लागला. टोकाकडून एकेक बट धरून सोडवत वर गेले. अधूनमधून डोकं मागे खेचलं गेलं की ती शिवी द्यायची. केसांना दवाखान्याचा वास येत होता. तिची पाठ माझ्याकडे होती, म्हणून मला बोलता आलं.

"पहिली हाक मला खोटी वाटली," मी म्हटलं. "दुसरी वाटली नाही."

ती हलली नाही.

"दुसरी ऐकली तेव्हा मला कळलं होतं. तुझा आवाज तसा नव्हता. तरी मी हातातल्या चादरीची घडी पुरी केली. कडेला कड लावली. सपाट केली. मग वळले."

ती काही बोलली की नाही मला माहीत नाही. तिचं तोंड दिसत नव्हतं, आणि माझा डावा कान तिच्याकडे होता. खांदे मात्र वरखाली होत होते. दारात लेक उभी होती, तिने ऐकलं असेल. ती गेली नाही आणि पुढेही आली नाही. मी तीन पेड केले, वेणी घातली, खाली रबर लावलं आणि फणी बाजूला ठेवली.

अक्काने डावा हात मागे नेऊन वेणी चाचपली. मग मान थोडीशी वळवली, माझ्या उजव्या कानाच्या बाजूला.

"सैल झाली," ती म्हणाली. "झोपेत सुटेल. घट्ट घाल."

मी रबर काढलं, वेणी सगळी उलगडली आणि पुन्हा वरपासून घालायला घेतली.